गाड्यांच्या लीझची दलाली सुरू करावी म्हणतो – अनुभवींनी कान पिळावेत

पिंपळपान
१६ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे वाचनमात्र होतो. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

वय ४१. चिंचवडला एका कार डीलरकडे अकरा वर्षं कॉर्पोरेट सेल्सला आहे. शोरूममध्ये हार-पेढे घेऊन उभा राहणारा मी नव्हे. हिंजवडी, तळवडे, चाकण इथल्या कंपन्यांत एचआरच्या दाराबाहेर ताटकळणारा तो मी. गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्या बिलांवरची नावं बदलली आहेत. पूर्वी बिल साहेबांच्या नावाने फाटायचं. आता गाडी भाड्याने देणाऱ्या लीझ कंपनीच्या नावाने फाटतं आणि साहेब फक्त चावी घ्यायला येतात.

डोक्यात आहे ते असं: नोकरी सोडायची आणि या दोघांच्या मधे बसायचं. कंपनीकडून मागणी घ्यायची, तीन-चार लीझवाल्यांकडून भाव मागवायचे, बरा असेल तो लावून द्यायचा. कमिशन लीझवाला देणार. गाडी माझी नाही, पैसा माझा नाही, दुकान नको, गोडाऊन नको. लॅपटॉप, फोन आणि अकरा वर्षांच्या ओळखी.

बायको म्हणते, इतकं सोपं असतं तर तुझ्या बॉसने कधीच केलं असतं. सासरे म्हणतात, आम्ही मुलगी सेल्स मॅनेजरला दिली होती, दलालाला नाही.

बाजूला साडेचार लाख आहेत. घराचा हप्ता चालू आहे. परवाना लागतो का? कमिशन किती सुटतं? खड्डे कुठे आहेत?

तांबडा_पांढरा
१६ नोव्हेंबर, रात्री ११:०५

भावा, सासऱ्याचं मनावर घेऊ नकोस. गुळाच्या बाजारात अडत्याशिवाय ढेप हलत नाही. फक्त एक सांग, अडत्या शेतकऱ्याचा की व्यापाऱ्याचा? तू कुणाचा?

आळेफाटा_एक्स्प्रेस
१७ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

माझी एर्टिगा आहे २०२२ ची. कंपनीला लावायची आहे. महिना किती मिळतील?

उंटावरचा_शहाणा
१७ नोव्हेंबर, सकाळी ९:१२

@आळेफाटा, तो वेगळा धंदा. तुम्ही म्हणताय ती कर्मचाऱ्यांची ने-आण, तिला पिवळी पाटी आणि परमिट लागतं. इथे विषय असा आहे की लीझ कंपनी नवी कोरी गाडी विकत घेते, तुमच्या कंपनीला तीन-चार वर्षं भाड्याने देते आणि कंपनी ती कर्मचाऱ्याला वापरायला देते.

@पिंपळपान, माझं मत रोखठोक. मोठ्या कंपन्यांना दलाल लागतच नाही. ओरिक्स, आयव्हेन्स, एसएमएएस, क्विकलीझ यांची माणसं स्वतःच त्यांच्या एचआरच्या मांडीवर बसलेली असतात. तुम्हाला मधे जागा कोण देणार?

जुना_खेळाडू
१७ नोव्हेंबर, दुपारी २:३०

मी एका लीझ कंपनीत नऊ वर्षं होतो, आधी सेल्सला, मग गाड्या परत घेणाऱ्या विभागात. आता शेती करतो, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

उंटावरच्या शहाण्यांचं बरोबर आहे, पण अर्धंच. दोन हजार माणसांच्या आयटी कंपनीत तुम्हाला जागा नाही. त्यांचा पाच वर्षांचा करार वरूनच झालेला असतो, बहुतेक वेळा बंगळूर नाही तर गुडगावला. पण चाकण-भोसरीत ऐंशी-शंभर माणसांच्या शेकडो कंपन्या आहेत. मालक स्वतः, एक मुलगा, दोन जनरल मॅनेजर, एक प्लांट हेड अशा चार-पाच गाड्या. लीझ कंपनीच्या पगारी माणसाला पाच गाड्यांसाठी तीन वेळा भोसरीला चकरा मारणं परवडत नाही. ती तुमची जागा.

कमिशन. आमच्याकडे बाहेरच्या माणसाला गाडीच्या किमतीच्या अर्धा ते एक टक्का द्यायचो. बारा-पंधरा लाखांच्या गाडीला सहा ते पंधरा हजार. ऐकायला बरं वाटतं. पण पहिल्या भेटीपासून गाडी रस्त्यावर येईपर्यंत तीन-चार महिने सहज जातात, आणि कमिशन गाडीची डिलिव्हरी झाल्यावर, पुढच्या महिन्याच्या बिलात. म्हणजे तुमचे साडेचार लाख पहिल्या कमिशनची वाट बघण्यातच अर्धे होतील.

आता भाडं कसं बसतं ते. अकरा वर्षं गाड्या विकणाऱ्यांनाही हे माहीत नसतं म्हणून सांगतो, राग मानू नका. समजा रोड टॅक्स वगैरे धरून गाडी लीझ कंपनीला १३ लाखांना पडली. चार वर्षांनी ती ४ लाखांची राहील असं कंपनीने गृहीत धरलं. याला आम्ही आरव्ही म्हणायचो. घट झाली ९ लाख, भागिले ४८ महिने, १८,७५० रुपये. वर व्याज: सुरुवातीचे १३ आणि शेवटचे ४ यांची सरासरी साडेआठ लाख, १०.५ टक्क्यांनी महिन्याला साधारण ७,४३७. एकूण २६,१८७. त्यावर जीएसटी. देखभाल आणि विमा घेतला तर तो वेगळा.

या गणितात हलणारी गोष्ट एकच, आरव्ही. व्याजदर सगळ्यांचे मागेपुढे सारखेच. ज्या लीझवाल्याला खात्री आहे की ही गाडी चार वर्षांनी साडेचारला जाईल, त्याचं भाडं कमी. म्हणून मारुती-टोयोटाचं लीझ स्वस्त बसतं आणि ज्या ब्रँडचा सेकंडहँड बाजार डळमळीत त्याचं महाग. तुम्ही चार ठिकाणचे भाव मागवाल तेव्हा भाड्याचा आकडा शेवटी बघा, आधी आरव्ही बघा. कमी भाडं दाखवायला एखादा आरव्ही फुगवतो, आणि चौथ्या वर्षी गाडी विकत घ्यायची म्हटली की गिऱ्हाईक तुमच्या नावाने बोटं मोडतं.

खड्डा विचारलात ना? खड्डा चौदाव्या महिन्यात असतो. त्यावर नंतर लिहितो, पाण्याची पाळी आहे, मोटर चालू करायची आहे.

तांबडा_पांढरा
१७ नोव्हेंबर, दुपारी ३:०१

बोटं मोडणार म्हणजे मोडणारच. वाचनखूण साठवली.

हिशेबी
१८ नोव्हेंबर, रात्री ९:४०

पेशाने सीए आहे. मुद्द्याचं सांगतो.

परवाना: फक्त गाठ घालून देणाऱ्याला आपल्याकडे वेगळा परवाना नाही. पण त्याच बैठकीत गाडीचा विमाही विकणार असाल तर इर्डाचे, म्हणजे विमा नियामकाचे नियम आले. सोपी वाट म्हणजे पीओएसपी, छोट्या विमा विक्रेत्याची नोंदणी. दहावी पास, १५ तासांचं प्रशिक्षण, एक परीक्षा. ते करून ठेवा, दर वर्षी नूतनीकरण येतं आणि लीझच्या कमिशनपेक्षा ते जास्त नियमित असतं.

जीएसटी: सेवेसाठी वर्षाला २० लाखांच्या आत नोंदणी सक्तीची नाही. पण लीझ कंपनीच्या वतीने तुम्ही करारावर सह्या करू लागलात, त्यांच्या नावाने पैसे घेऊ लागलात, तर तुम्ही त्यांचे एजंट ठरता आणि मर्यादेचा आधार सुटतो. त्यामुळे करारात तुमची भूमिका 'ओळख करून देणारा' एवढीच लिहून घ्या. तसंही बऱ्याच लीझ कंपन्या नोंदणी असल्याशिवाय तुमचं खातं उघडत नाहीत. कमिशनवर १८ टक्के.

टीडीएस: कमिशनवर २ टक्के. १ ऑक्टोबर २०२४ च्या आधी ५ होता. वर्षाला २० हजारांपर्यंत कापत नाहीत.

आता गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते. गाडीवर जो जीएसटी दर तोच तिच्या भाड्यावर. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्या १८ टक्के, मोठ्या ४० टक्के, इलेक्ट्रिक ५ टक्के. छोटी म्हणजे लांबी ४ मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलला १२०० सीसी, डिझेलला १५०० सीसीपर्यंत. भाड्यावरच्या या जीएसटीचं क्रेडिट लीझ घेणाऱ्या कंपनीला सहसा मिळत नाही, जीएसटी कायद्याचं कलम १७(५) आडवं येतं. 'जीएसटी परत मिळतो साहेब' असं सांगत फिरणारे दलाल मी पाहिलेत. त्यांचे गिऱ्हाईक नंतर माझ्याकडे नोटीस घेऊन येतात.

पगारदाराचा फायदा कुठे आहे? वरच्याच उदाहरणात २६,१८७ वर १८ टक्के धरले तर भाडं ३०,९०१. ही रक्कम पगाराच्या रचनेतून वळती होते, कर लागण्याआधी. त्याबदल्यात करपात्र काय धरायचं, तर १६०० सीसीपर्यंतच्या गाडीला, ऑफिस आणि घर असा मिश्र वापर असेल आणि खर्च कंपनी करत असेल, तर ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या नियमाने महिना फक्त १८०० रुपये. मोठ्या इंजिनाला २४००. ड्रायव्हर दिला तर ९०० जादा. म्हणजे २९,१०१ रुपयांवरचा कर वाचला. सेस धरून ३१.२ टक्क्यांनी साधारण ९,०८० रुपये महिना. आणि हे नव्या करप्रणालीतही चालतं, म्हणून तर पिंपळपान यांच्या बिलांवरची नावं बदलली. ८०सी गेलं, घरभाडं गेलं, गाडी तेवढी राहिली.

पण नव्या प्रणालीत २४ लाखांच्या खाली उत्पन्न असलेल्याला ३० टक्क्यांचा दरच लागत नाही, तिथे हा आकडा खाली येतो. आणि १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतोय, त्यासोबत नियमही नवे येतील. १८०० आणि २४०० हे आकडे दगडावर कोरून ठेवू नका.

पिंपळपान
१८ नोव्हेंबर, रात्री ११:२०

हिशेबी साहेब, जुना खेळाडू दादा, दोघांनाही दंडवत. आरव्हीचं खरंच माहीत नव्हतं. मी आजवर भाड्याच्या आकड्याकडेच बघत आलो.

रोड टॅक्सचं काय? माझ्या अनुभवात इथेच डील फिसकटतं.

जुना_खेळाडू
१९ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

महाराष्ट्रातला हा जुना दुखरा दात. साध्या माणसाने पेट्रोल गाडी घेतली तर १० लाखांच्या आत ११ टक्के, १० ते २० लाखांत १२, त्यावर १३. डिझेलला दोन-दोन टक्के जास्त. तीच गाडी कंपनीच्या नावावर चढवली की सरसकट २०. साडेबारा लाखांच्या गाडीला लाखभर रुपये इथेच जादा गेले, आणि ते भाड्यात शिरतात.

म्हणून काही जण आरसी कर्मचाऱ्याच्या नावावर ठेवतात आणि त्यावर लीझचा बोजा चढवतात. मोटार वाहन कायद्यात लीझची नोंद आरसीवर करायची तरतूद आहे, कलम ५१, फॉर्म ३४. पण मग गाडी कंपनीनेच भाड्याने घेतली आहे हे दाखवणारे कागद चोख हवेत, नाहीतर हिशेबींनी सांगितलेला सगळा फायदा करअधिकारी एका ओळीत खोडतो.

दुसरी पळवाट म्हणजे स्वस्त टॅक्सच्या राज्यात पासिंग करून गाडी पुण्यात फिरवणे. हे करू नका. बारा महिन्यांच्या वर दुसऱ्या राज्यात गाडी ठेवली की नोंदणी बदलावी लागते. आरटीओच्या फ्लाइंग स्क्वाडने तुमच्या गिऱ्हाइकाला वाकड पुलाखाली थांबवलं, तर पहिला फोन कुणाला येणार?

इलेक्ट्रिकचा विचार करा. महाराष्ट्रात तिला हा कर माफ आहे आणि भाड्यावर जीएसटी ५ टक्के. उलट चार वर्षांनी बॅटरीवाल्या गाडीला काय भाव येईल हे कुणालाच ठामपणे सांगता येत नाही, म्हणून लीझवाले आरव्ही कमी धरतात. पण गिऱ्हाइकाच्या बाजूने तो धोका लीझवाल्याच्या गळ्यात जातो. मी आज पुण्यात लीझ विकत असतो तर फक्त इलेक्ट्रिकच विकलं असतं.

एचआरवाली_ताई
१९ नोव्हेंबर, दुपारी १:०५

चौदाव्या महिन्याचं मी सांगते, कारण तो माझ्या टेबलावर आलाय.

आमच्या आधीच्या कंपनीत एका दलालामार्फत एकवीस गाड्या लीझवर घेतल्या. माणूस गोड बोलायचा, दिवाळीला सुका मेवा. एका इंजिनिअरने चौदाव्या महिन्यात राजीनामा दिला. नव्या कंपनीत लीझची सोय नव्हती. लीझ कंपनीने हिशेब पाठवला: उरलेलं मुद्दल, मुदतपूर्व बंद करण्याचा आकार, वर जीएसटी. अकरा लाखांच्या आसपास. बाजारात गाडी सव्वानऊला जात होती. त्या मुलाचा शेवटचा हिशेब जेमतेम दोन लाखांचा. तो माझ्यासमोर बसून म्हणाला, मॅडम, मला सांगितलं होतं की सोडताना गाडी परत द्यायची, बास.

दलालाला फोन लावला. 'आमचं काम डिलिव्हरीपर्यंत असतं मॅडम.' नंतर तेवढंही बोलायला त्याने फोन उचलला नाही.

करारात सगळं लिहिलेलं होतं हो. सत्तावीस पानं, बारीक अक्षर. पण ते त्या मुलाला कुणी वाचून दाखवायचं? मी एचआर आहे, मला त्यातलं अर्धं कळत नव्हतं. त्यानंतर आमच्या मॅनेजमेंटने लीझच बंद केलं. एकवीस गाड्यांचं पन्नास झालं असतं.

पिंपळपानदादा, तुम्हाला माझ्यासारखीच्या दारात बसायचंय ना? तर भाव घेऊन येऊ नका. एक पानाचा मराठी-इंग्रजी कागद घेऊन या: सहाव्या, बाराव्या, चोविसाव्या महिन्यात सोडलं तर किती भरावे लागतील, प्रत्येक गाडीसाठी, आकड्यांत. मी तुम्हाला चहासकट आत बसवीन.

उंटावरचा_शहाणा
१९ नोव्हेंबर, दुपारी १:४०

हा प्रतिसाद छापून भिंतीवर लावा. माझा विरोध निम्मा मागे घेतो. निम्मा ठेवतो.

जुना_खेळाडू
१९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२२

ताईंनी माझं काम केलं. भर एवढीच घालतो. राजीनामा आला की चार वाटा असतात. नव्या कंपनीकडे लीझ वळवणं, त्याच कंपनीतल्या दुसऱ्या माणसाला गाडी देणं, स्वतः विकत घेणं, नाहीतर आकार भरून परत करणं. सगळ्यात स्वस्त वाट दुसरी, आणि तीच कुणी सुचवत नाही, कारण त्यात लीझवाल्याला नवी गाडी विकायला मिळत नाही. दलालाला सगळ्या गाड्यांची यादी माहीत असेल तर तो एक फोन करून सांगू शकतो की तुमच्याच क्वालिटी डिपार्टमेंटमधल्या माणसाला गाडी हवी होती, त्याला द्या. याचं कमिशन शून्य. पण ती कंपनी मग दुसऱ्याला दारात उभं करत नाही.

सातासमुद्रापार
२० नोव्हेंबर, पहाटे ३:३८

पुणेकरच, सध्या इंग्लंडात, मिल्टन कीन्सला. इथे लीझ ब्रोकर हा चांगला रुळलेला धंदा आहे. मी अशाच एका ऑफिसात बॅक ऑफिसला सहा वर्षं काम केलं, म्हणून थोडं.

इथे सगळ्यात मोठा फरक म्हणजे सरकारी धाक. २०१४ च्या एप्रिलपासून हे काम एफसीए या वित्तीय नियामकाच्या कक्षेत आहे. सामान्य माणसाला गाडी लीझवर लावून द्यायची तर एफसीएची मान्यता हवी, नाहीतर एखाद्या मान्यताप्राप्त फर्मच्या छत्राखाली तिचा नियुक्त प्रतिनिधी म्हणून काम करायचं. नवखे बहुतेक दुसऱ्या वाटेने येतात. बीव्हीआरएलए नावाची गाड्या भाड्याने देणाऱ्यांची संघटना आहे, तिची घासलेल्या-पोचलेल्या गाडीबद्दलची पुस्तिका म्हणजे इथलं पंचांग. टायरवर किती खुणा चालतील, दारावरचा ओरखडा किती लांब, सगळं मापात. आपल्याकडे परतीच्या वेळी यावरूनच भांडणं होतात. तुम्ही मराठीत अशी पुस्तिका काढा, फोटोंसकट. कुणी नाही केलंय.

दुसरं, कमिशन. इथे २०२१ च्या जानेवारीत एफसीएने एक पद्धत बंद केली: विक्रेत्याने व्याजदर वाढवला की त्याचं कमिशन वाढायचं, आणि ग्राहकाला पत्ता नसायचा. तरी जुन्या प्रकरणांचे खटले चालू राहिले आणि थेट इथल्या सुप्रीम कोर्टात गेले. १ ऑगस्ट २०२५ ला निकाल लागला. ते खटले हप्त्याने घेतलेल्या गाड्यांचे होते, लीझचे नव्हते, पण सगळ्या ब्रोकरांनी श्वास रोखून धरला होता. कोर्ट म्हणालं, विक्रेता हा काही ग्राहकाचा विश्वस्त नव्हे. मात्र तीनपैकी एका ग्राहकाच्या बाबतीत कमिशन इतकं होतं, कर्जावरच्या एकूण व्याज-खर्चाच्या ५५ टक्के, की तो व्यवहार अन्याय्य ठरवला.

आमच्या ऑफिसने त्याआधीच कोटेशनवर कमिशनची ओळ छापायला सुरुवात केली होती. मालकाला वाटत होतं गिऱ्हाईक पळतील. एकही पळाला नाही. उलट एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, एवढंच मिळतं तुम्हाला?

आणि हो, इथेही बाजार वाढला तो करामुळेच. कंपनीच्या इलेक्ट्रिक गाडीवर २०२५-२६ या वर्षी फक्त ३ टक्के किमतीवर कर लागतो. तुमच्याकडचे १८०० रुपये आणि इथले ३ टक्के एकाच माळेचे मणी. सरकारने सूत ओढलं की माळ तुटते, हे धरूनच धंदा करा.

तांबडा_पांढरा
२० नोव्हेंबर, सकाळी १०:१०

म्हणजे तिकडं अडत्याची पट्टी बोर्डावर लिहायला लावली. लई भारी. इथं कमिशनची ओळ छापलीस तर मालक म्हणणार यातलं निम्मं मला दे.

पिंपळपान
२० नोव्हेंबर, रात्री १०:०५

@तांबडा_पांढरा, हसू नका, हे होतंच. खरेदी विभागातली माणसं उघड मागतात. डीलरकडे असताना तो खर्च 'स्कीम' म्हणून निघून जायचा. माझ्या खिशातून कसा काढू?

हिशेबी
२० नोव्हेंबर, रात्री १०:५०

काढू नका. दहा हजारांतले पाच दिलेत, वर स्वतःचा कर भरलात, तर तुम्ही पेट्रोलही सुटत नाही अशा भावात काम करताय. आणि ते पाच हजार खर्चात टाकायला माझ्याकडे येऊ नका.

विषयांतर पण महत्त्वाचं. कुणी तुम्हाला म्हणेल, 'गुंतवणूकदार शोधून दे, तो गाडी घेईल, आम्ही भाड्याने फिरवू, महिना ठरलेली रक्कम.' त्यात पडू नका. ब्लूस्मार्ट ही इलेक्ट्रिक टॅक्सीवाली कंपनी आठवा. जेनसोल नावाच्या कंपनीने गाड्या घ्यायच्या आणि ब्लूस्मार्टला लीझवर द्यायच्या अशी ती रचना. सेबीच्या १५ एप्रिल २०२५ च्या अंतरिम आदेशात आलं की ६,४०० इलेक्ट्रिक गाड्यांसाठी कर्ज घेतलं होतं आणि घेतल्या ४,७०४. दुसऱ्याच दिवसापासून ॲपवर गाड्या मिळेनाशा झाल्या. गुंतवणूकदाराला तोंड कोण दाखवतं? ज्याने ओळख करून दिली तो.

शेवटचं. पहिली दोन वर्षं पगारदारांच्या मागे न लागता व्यावसायिक बघा. डॉक्टर, आर्किटेक्ट, छोटे कारखानदार. स्वतःची गाडी घेतली तर साधारण १५ टक्के घसारा आणि व्याज दाखवता येतं. लीझ घेतलं तर धंद्यापुरतं भाडं थेट खर्चात जातं. आणि मुख्य म्हणजे डॉक्टर राजीनामा देत नाही.

एचआरवाली_ताई
२० नोव्हेंबर, रात्री ११:१५

शेवटच्या वाक्याला +१

आळेफाटा_एक्स्प्रेस
२१ नोव्हेंबर, सकाळी ६:४५

एर्टिगाचं कुणी सांगितलं नाही अजून.

जुना_खेळाडू
२१ नोव्हेंबर, सकाळी ८:००

भाऊ, गाडी पांढऱ्या पाटीची आहे का? असेल तर ती तशीच कुणाला भाड्याने देऊ नका, अपघात झाला तर विमा हात वर करतो. आणि स्वतः चालवायला भाड्याने देण्याचा रीतसर धंदा, काळी पाटी पिवळी अक्षरं, त्याला १९८९ च्या रेंट-अ-कॅब योजनेप्रमाणे किमान पन्नास गाड्या लागतात. एक एर्टिगा नाही चालत. आधी आरटीओत जाऊन प्रवासी वाहनात बदलून घ्या, मग चाकणच्या एखाद्या ट्रान्सपोर्ट कंत्राटदाराला भेटा. आणि महिना ठरलेली रक्कम देतो म्हणून कुणी आरसी आणि दुसरी चावी मागितली, तर मोटरसायकल काढा आणि सरळ घरी या.

पिंपळपान
८ फेब्रुवारी २०२६, रात्री ९:३०

मंडळी, धागा वर काढतोय. नोकरी डिसेंबरअखेर सोडली. डीलरशी भांडून नाही, बोलून. गाड्या त्यांच्याकडूनच उचलीन या शब्दावर निरोप समारंभ झाला.

आकडे देतो, म्हणजे पुढे कुणाला उपयोग होईल. दोन लीझ कंपन्यांनी खातं उघडलं, दोघांनी नाही म्हटलं, एकाने अजून उत्तर दिलेलं नाही. आतापर्यंत एकतीस भेटी. त्यातून नऊ जणांनी कोटेशन मागितलं. गाड्या तीन लागल्या. एक निगडीच्या भूलतज्ज्ञ डॉक्टर बाई, दोन भोसरीतल्या फॅब्रिकेशनवाल्याच्या. त्यांच्या मुलाला जर्मन गाडी हवी होती. भाड्यावरचे ४० टक्के कागदावर मांडून दाखवल्यावर वडील मुलाकडे बघून नुसते हसले. दोन्ही इलेक्ट्रिक गेल्या.

डॉक्टर बाईंच्या गाडीचं कमिशन आलं, १०,८७५. टीडीएस कापला नाही, हिशेबी म्हणाले तसं. बाकी दोन्हींचं पुढच्या बिलात. डिसेंबरपासून खर्च झाला एक लाख बारा हजार, त्यात घराचे हप्ते. विम्याची परीक्षा पास झालो, त्या तीन गाड्यांतला एकच विमा मिळाला.

ताईंचा एक पानी कागद केलाय. सहा, बारा, चोवीस, छत्तीस महिने, आणि शेवटी माझं कमिशन, रुपयांत. फॅब्रिकेशनवाल्यांनी त्यातल्या कमिशनच्या ओळीवर बोट ठेवलं. मी म्हटलं आता निम्मं मागणार. ते म्हणाले, बाराव्या महिन्याचा आकडा तुम्ही चुकवलाय, जीएसटी दोनदा धरलाय. खरंच धरला होता. दुरुस्त करून दुसऱ्या दिवशी सकाळी नेऊन दिला.

लीझ कंपनीच्या माणसाला तो कागद आवडलेला नाही. म्हणतो, गिऱ्हाईक घाबरतं, हे आमच्या कोटेशनला जोडू नका. मी वेगळ्या पाकिटात देतो.

जुना खेळाडू दादा, एक अडलंय. डॉक्टर बाईंची आरसी त्यांच्या नावावर आहे, बोजा लीझचा. चार वर्षांनी त्यांनी गाडी ठेवायची ठरवली तर फक्त फॉर्म ३५ ने बोजा उतरतो, की २९-३० पण भरावे लागतात?

जुना_खेळाडू
९ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

नाव तेच राहणार असेल तर ३५ आणि लीझ कंपनीचं ना हरकत पत्र. २९-३० नाव बदलताना. मात्र विक्रीचं बिल लीझ कंपनीकडून मागून घ्या, ते द्यायला टाळाटाळ करतात. आणि हे सगळं आत्ताच तुमच्या त्या कागदाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवा, चार वर्षांनी आपण दोघंही विसरू.

आळेफाटा_एक्स्प्रेस
९ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

एर्टिगा पिवळ्या पाटीत बदलली. चाकणला लागली, दोन शिफ्ट. आता दुसरी घ्यायची म्हणतो. पिंपळपान भाऊ, ती लीझवर मिळेल का? तुमचं कमिशन किती ते आधी सांगा.